कमांडरची फिल्म

रशियन भाषा मी पुण्यात शिकले. पोलादाच्या कारखान्यांमध्ये दुभाष्यांना मान असतो, असं कोणीतरी वडिलांना सांगितलं होतं. डिप्लोमा हातात पडला आणि थोड्याच महिन्यांत सोव्हिएत देशच मोडला. घरात सगळे हसले. पुढे लग्न होऊन दुबईला आले. पहिल्या शुक्रवारी नवऱ्यानं देऱ्याच्या बाजारात फिरायला नेलं, तर नासर स्क्वेअरच्या दुकानांवर पाट्या रशियनमध्ये. थंड देशांतून आलेल्या बायका रेघारेघांच्या भल्यामोठ्या पिशव्या ओढत चालल्या होत्या आणि दुकानदार मोडक्यातोडक्या रशियनमध्ये त्यांना हाका मारत होते. मुलगी केजीत जायला लागल्यावर मी तिथल्याच एका कार्गो ऑफिसात नोकरी धरली. व्यापाऱ्यांचा माल बांधायचा, तोलायचा आणि शारजाच्या विमानतळावरून रवाना करायचा, असा तो धंदा. माझं काम बोलण्याचं.

तिथेच मला बाई भेटल्या. मी त्यांना मनात बाईच म्हणायची, शाळेत म्हणतात तसं. तोंडावर मात्र रशियन रीतीप्रमाणे त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं हे मी सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून हसल्या. ती नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्या देशाचंही लिहीत नाही. मध्य आशियातला, डोंगराळ, आधी सोव्हिएत होता आणि नंतर आपसातल्या लढाईत होरपळला, एवढं पुरे.

त्या साठीच्या होत्या. मेंदीनं लाल केलेले केस, उन्हाळ्यातही अंगात लोकरी स्वेटर. महिन्याकाठी एक पार्सल पाठवायच्या, तिकडे राहिलेल्या धाकट्या बहिणीला. औषधं, बॅटऱ्या, मेणबत्त्या, जाड मोजे. शारजात एका मलयाळी माणसाचा व्हिडिओ स्टुडिओ होता, तिथे त्या लग्नांच्या कॅसेटी एडिट करायच्या. "मी लग्नं कापते," असं त्या म्हणायच्या. त्याआधी काय करत होता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सिनेमे." मी मान हलवली. त्या काळी देऱ्यात कपडे विकणारी प्रत्येक बाई पूर्वी इंजिनिअर नाहीतर पियानोची शिक्षिका असायची. खरंही असायचं ते, पण ऐकून ऐकून आपलं कुतूहल बोथट होतं.

एका सकाळी त्या पार्सल घेऊन आल्या, तेव्हा माझ्यासमोरच्या खुर्चीत त्यांच्याच देशाचा एक व्यापारी बसला होता. टीव्ही आणि टायर नेणारा, नियमित येणारा, गुळगुळीत दाढी केलेला, बोलायला मऊ. बाई दारातून आत आल्या, त्याला पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या. पार्सल जमिनीवर ठेवलं आणि बाहेर पडल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी गाड्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

व्यापारी उठला नाही. काचेतून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाला, "म्हणजे इथे आहेत तर." मग मला म्हणाला, "आमच्या फार मोठ्या दिग्दर्शिका. त्यांचा पत्ता असेल ना तुमच्याकडे?"

मी नाही म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. माझ्या टेबलावर मुलीचा फोटो होता, शाळेच्या गणवेशातला. तो उचलून त्यानं बराच वेळ बघितला. "कुसैसची शाळा," तो म्हणाला. "बस अगदी दारात येते का?" आणि फोटो होता तसा ठेवून निघून गेला.

आता वाटतं, गणवेशावरचा बिल्ला वाचून तो सहज बोलला असेल. तेव्हा तसं वाटलं नाही. मी मॅनेजरला सांगून लवकर निघाले आणि शाळेची बस यायच्या कितीतरी आधी जाऊन उन्हात उभी राहिले. मुलगी उतरली, तिला मी एवढं घट्ट धरलं की ती वैतागून म्हणाली, "ममा, यू आर हर्टिंग मी."

त्याच आठवड्यात शारजाच्या स्टुडिओत दोन माणसं बाईंची चौकशी करून गेली. बाईंनी मला फोन केला. दुसरं कोणी इथे त्यांच्या ओळखीचं नव्हतं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, काही दिवस त्यांना आपल्याकडे आणू या. तो म्हणाला, "आपण इथे परके आहोत. काही प्रॉब्लेम झाला तर कोण बरोबर, कोण चूक हे कोणी विचारत बसणार नाही. व्हिसा कॅन्सल, खलास." एवढं बोलून गाडीची किल्ली घेतली आणि त्यांना आणायला स्वतःच गेला.

कुसैसमधला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा होता. बाईंना मुलीची खोली दिली. त्यांच्या सवयी बघून मला आधी नवल वाटलं, मग त्या सवयी मलाच लागल्या. बसायचं तर दाराकडे तोंड करून. महत्त्वाचं बोलायचं तर स्वयंपाकघरात, नळ सोडून. फोन वापरात नसेल तेव्हा त्यावर उशी. मी म्हटलं, हे दुबई आहे, इथे फोनमधून आपलं बोलणं कोण ऐकतंय. त्या म्हणाल्या, "कोणी ऐकत नसेलही. पण उशी ठेवली की मला झोप लागते."

नळाच्या त्या आवाजात त्यांनी मला त्यांचं आयुष्य सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी, मी पोळ्या लाटत असताना. वडील शाळामास्तर होते. बाई लहान असतानाच त्यांना घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत. आईनं घरातल्या सगळ्या फोटोंमधून त्यांना कात्रीनं कापून काढलं, कारण असा माणूस फोटोत असणंही धोक्याचं होतं. पुढे बाई राजधानीतल्या सरकारी स्टुडिओत फिल्मचे तुकडे चिकटवायच्या कामाला लागल्या. हात सफाईदार होता म्हणून त्यांना मॉस्कोला सिनेमाच्या शिक्षणाला पाठवलं. परत येऊन धरणावर माहितीपट केला, त्याला बक्षीस मिळालं. मग एका सामुदायिक शेताच्या प्रमुखावर केला. तो माणूस मजुरांना चाबकानं मारायचा. "मी त्याला हसरा केला," त्या म्हणाल्या. "पडद्यावर तो सगळ्या गावाचा बाप वाटायचा. लोक मला रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे."

मग त्यांनी मनातला सिनेमा केला. शाळा बंद ठेवून मुलींना कापूस वेचायला नेतात, त्यातल्या एका मुलीची गोष्ट. तो तयार झाल्यावर छोट्या हॉलमध्ये दाखवला गेला. शेवटच्या रांगेत देखरेखीचा माणूस बसायचा, प्रत्येक सिनेमाला बसायचा. दिवे लागल्यावर त्यानं एवढंच विचारलं की मुलींचे हात इतक्या जवळून का दाखवलेत. बाईंनी हात काढून टाकले. तरीही तो सिनेमा कपाटात गेला, तो गेलाच. पुढे लढाईत स्टुडिओला आग लागली. त्यात तो जळाला की आधीच कोणी नष्ट केला होता, हे त्यांना कधी कळलं नाही.

"तो शेवटच्या रांगेतला माणूस," त्या म्हणाल्या, "तुझ्या ऑफिसात टायर विकत घेतो."

मी नळ आणखी मोठा सोडला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. तसे फोन आधीही येत असतील, पण आता प्रत्येकाचा अर्थ लागायचा. इमारतीखाली एक पांढरी गाडी उभी असायची. दुबईत निम्म्या गाड्या पांढऱ्या असतात हे कळत असूनही मी पडद्याआडून ती बघत बसायची. मुलीला बसनं पाठवणं बंद केलं. नवरा तिला सोडून मग जेबेल अलीला कामावर जायचा, रोज उशीर व्हायचा, पण तो त्याबद्दल एकदाही बोलला नाही. ऑफिसात तो व्यापारी पुन्हा आला, चहा प्यायला, माल तोलून घेतला आणि निघताना म्हणाला, "त्यांना सांगा, बहिणीची तब्येत बरी आहे."

मी तो निरोप द्यावा की नाही, याचा विचार करत घरी आले. माझ्या चेहऱ्यावरून बाईंनी ओळखलं. निरोप ऐकल्यावर त्या मुलीच्या पलंगावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी त्याला भेटते. दिवसाढवळ्या, माणसांत. तू बरोबर चल. तू मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. ऐकणारं कोणी असलं की असली माणसं जपून बोलतात."

आम्ही शुक्रवारी सकाळी खाडीच्या काठी एका चहाच्या टपरीवर भेटलो. अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायच्या लाकडी होड्या, माणसं भरभरून ये-जा करत होत्या. तो आधीच येऊन बसला होता. त्यानं उठून बाईंना खुर्ची दिली.

मग तो सांगू लागला. तिकडे राजधानीबाहेरचा मोठा मुलूख आता एका कमांडरच्या ताब्यात होता. त्याला स्वतःवर फिल्म हवी होती. चित्रीकरण झालेलं होतं, ते जोडणारं हात बसलेलं माणूस हवं होतं. बाई इथे असल्याचं तिकडच्या विमानतळावरच्या कमांडरच्या माणसांना पार्सलांवरून कळलं होतं, आणि त्यांना घेऊन यायचं काम या व्यापाऱ्यावर पडलं होतं.

"माझी बहीण कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरीच. दाराशी आमची माणसं असतात. तिच्या संरक्षणासाठी."

बाईंचा आवाज बदलला नाही. टेबलाखाली मात्र त्यांनी माझं मनगट धरलं होतं, नखं रुतत होती. त्या म्हणाल्या, "मी येणार नाही. तिथे आले तर परत जाऊ देणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कॅसेटी इथे आणा. मी इथे करून देते. त्याच्या बदल्यात बहिणीला विमानात बसवा."

"असं त्याला सांगता येत नाही."

"तुम्हाला सांगता येतं. आयुष्यभर तुम्ही वरच्यांना सांगतच आलात."

तो काहीतरी बोलणार होता. त्यानं चहाचा पेला उचलला आणि पेल्यातला चहा त्याच्या बोटांवर सांडला. पेला ठेवून तो हळू म्हणाला, "मी रिकाम्या हातानं गेलो तर माझं काय होईल, तुम्ही कल्पना करू शकता. माझीही माणसं तिथेच आहेत."

मला वाटलं होतं, तो घाबरलेला दिसला की मला जरा बरं वाटेल. उलट झालं. त्या टेबलाशी न घाबरलेलं कोणी नव्हतं, आणि ज्याला सगळे घाबरत होते तो कुठेतरी डोंगरात आरामात बसला होता.

पुढच्या खेपेला तो कॅसेटींची बॅग घेऊन आला. बाईंनी शारजाच्या स्टुडिओच्या मालकाला विचारून शुक्रवारची सकाळ मागून घेतली. त्या दिवशी स्टुडिओ बंद असायचा. एकटीनं बसवत नाही म्हणाल्या, म्हणून मी जायची. बाहेर लग्नातल्या जोडप्यांचे मोठे मोठे फोटो, आतल्या अरुंद खोलीत दोन टीव्ही आणि एडिटिंगची यंत्रं.

कमांडर दिसायला चांगला होता. घोड्यावर बसलेला, पिठाची पोती वाटणारा, म्हाताऱ्यांच्या हातांचं चुंबन घेणारा. बाई बघायच्या, थांबवायच्या, मागे घ्यायच्या. एका ठिकाणी त्या एकदम थांबल्या. पडद्यावर काहीच विशेष नव्हतं, कॅमेरा एका घरात शिरत होता. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला आणि आवाज वाढवला. "हा माझा कॅमेरामन," त्या म्हणाल्या. "दारातून आत शिरताना तो श्वास रोखतो, म्हणजे चित्र हलत नाही. ऐक." मी ऐकलं. पावलांचा आवाज, श्वास, आणि मग उंबरठ्यावर श्वास थांबलेला.

त्यानंतर त्या त्याच्याचसाठी बघत असल्यासारख्या बघायला लागल्या. कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर जरा जास्त थांबला की त्यांना कळायचं, तो का थांबला. मग एक कॅसेट लागली, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. जळलेलं गाव. भिंतीशी ओळीनं माणसं पडलेली, तोंडं जमिनीकडे. कॅमेरा त्यांच्यावरून सावकाश, कुणालाही न वगळता गेला. शेवटी तो वर उठला. थोड्या अंतरावर कमांडर उभा होता, कुणाशी तरी बोलत, हसत. त्याची नजर कॅमेऱ्याकडे वळली आणि चित्र तुटलं.

मी उठून बाहेर त्या लग्नाच्या फोटोंसमोर जाऊन उभी राहिले. परत आले तर बाई पुढची कॅसेट लावून बसल्या होत्या. तीत कमांडर पुन्हा घोड्यावर होता. पण कॅमेरा हलत होता, धापा टाकत होता, दारातून शिरताना चौकटीला आपटत होता. बाईंनी शेवटपर्यंत बघितलं. उरलेल्या सगळ्या कॅसेटी थोड्या थोड्या लावून बघितल्या. तो श्वास रोखणारा माणूस पुन्हा आलाच नाही.

मी त्यांना म्हटलं, हे इथेच सोडू, मालाबरोबर परत पाठवू, नाही जमलं म्हणू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "दाराशी त्याची माणसं आहेत," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी फिल्म पूर्ण केली. ती कशी झाली हे मला सांगायलाच हवं. ती सुंदर झाली. पोती वाटणारे हात, म्हाताऱ्याचे डोळे, बर्फातून चालणारा घोडा, सगळं अशा लयीत आलं की ओळीनं पडलेली ती माणसं बघून आलेली मी, मलाही कमांडर क्षणभर भला माणूस वाटला. मी तसं बोलून गेले. बाई यंत्र बंद करत होत्या. त्या म्हणाल्या, "मला त्याचीच भीती वाटते. मला जे येतं ते कुणाच्याही कामी येतं. मी वाईट करायचा प्रयत्न करून पाहिला. हात ऐकत नाहीत."

व्यापारी फिल्म आणि सगळ्या कॅसेटी घेऊन गेला. बहिणीचं काय, असं विचारलं तर म्हणाला, इन्शाल्ला. नंतर त्याच्याकडून काहीच आलं नाही. बाई जेवायच्या बंद झाल्या. माझी मुलगी आपल्या खोलीत त्यांच्याजवळ बसून चित्रं काढायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी घरात ती एकच जागा होती जिथे कोणी दाराकडे बघत नव्हतं.

मग ऑफिसात तिकडून येणाऱ्या विमानाच्या प्रवाशांची यादी आली, तीत बाईंच्या बहिणीचं नाव होतं. विमान शारजाला दुपारी उतरणार होतं. आम्ही दोघी आणि माझा नवरा गेलो. आत कोण असेल याची खात्री नव्हती. बाईंना वाटत होतं, बहिणीच्या नावावर दुसरंच कोणीतरी येईल, त्यांना न्यायला. पिशव्या घेतलेल्या बायका बाहेर येत राहिल्या, संपत आल्या. अगदी शेवटी एक बारीकशी, डोक्याला रुमाल बांधलेली बाई बाहेर आली, हातात सामान काहीच नाही. बाई पुढे धावल्या नाहीत. त्यांनी आधी तिच्या मागे कोण आहे ते पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तेव्हा कुठे त्या खाली बसल्या, विमानतळाच्या फरशीवरच, आणि बहीण येऊन त्यांच्याजवळ बसली.

तो व्यापारी पुन्हा आमच्या ऑफिसात आला नाही. त्याचा माल दुसरा कोणी न्यायला लागला. मॅनेजरनं विचारलं तर नव्या माणसानं खांदे उडवले. पुढच्या वर्षी कमांडरलाही कोणीतरी मारलं. त्याच्या अंत्यविधीच्या दिवसांत बाईंची फिल्म तिकडच्या टीव्हीवर सारखी दाखवली गेली, आणि ती बघून लोक रडले, असं व्यापाऱ्यांकडून कळलं. मी ते बाईंना सांगितलं. त्या लोकरीचं काहीतरी विणत होत्या. विणत राहिल्या.

दोघी बहिणी पुढे युरोपातल्या एका थंड देशात गेल्या. तिथे त्यांना राहायची परवानगी मिळाली. वर्षातून एखादा फोन यायचा. मी हळूहळू पडद्याआडून बघणं सोडलं. आम्ही कुसैसमध्येच मोठ्या फ्लॅटमध्ये गेलो.

मुलगी सातवी-आठवीत असताना बाईंचा फोन आला. आवाज म्हातारा झाला होता. युरोपातल्या काही वकिलांनी त्यांना शोधून काढलं होतं. त्या गावात काय झालं याची ते चौकशी करत होते. कॅसेट कोणालाच सापडलेली नव्हती. ती फिल्म कोणी जोडली हे मात्र ओळखणाऱ्यांनी ओळखलं होतं. बाईंनी जे पाहिलं ते सांगायचं ठरवलं होतं, फिल्म आपणच केली यासकट.

"आम्ही दोघी होतो त्या खोलीत," त्या म्हणाल्या. "एकीचं ऐकतील, न ऐकतील. तुझं नाव देऊ का? नको म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही."

कमांडर गेला तरी त्याची माणसं होतीच, काही तर सरकारात होती. मी विचार करून सांगते म्हटलं. नवरा घरी आल्यावर त्याला सांगितलं. आत मुलगी कॉम्प्युटरवर कुणाशी तरी चॅट करत होती, तिचं हसू ऐकू येत होतं. त्यानं विचारलं, "तू पाहिलं होतंस ना?" मी हो म्हटलं. "मग नाही कसं म्हणणार?" तो म्हणाला, आणि उठून दाराला कडी लावली आहे का ते बघून आला.

मी बाईंना फोन करून नाव द्या म्हटलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांनी ते एकेका अक्षरानं लिहून घेतलं. मग विचारलं, "घाबरली आहेस?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "मीही."

अजून तरी मला कोणी काही विचारायला आलेलं नाही. बाईंनी मात्र त्यांच्या बाजूनं सगळं सांगितलं. सलग सांगायला त्यांना अख्खा दिवस लागला, असं बहिणीनं मला नंतर कळवलं. मध्ये त्यांनी एकदाच थांबून पाणी मागितलं, कॅमेरामनबद्दल बोलताना.